लाटेकमधलं मराठी दर वर्षी का बिघडतं: चौकोन, वर्तुळ आणि आचारी

“चौकोन आलेत की टिंबांचं वर्तुळ?”

लाटेकमधलं, म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची पानं लावणाऱ्या प्रणालीतलं, मराठी बिघडलं म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच. समोरचा वैतागतो, कारण त्याच्या लेखी वाचता येत नाही ते येत नाहीच. पण चौकोन आला तर दोष फॉन्टचा आणि टिंबाटिंबांचं वर्तुळ आलं तर दोष मजकुराचा. पहिल्यासाठी फाइलचा वरचा भाग बघायचा, दुसऱ्यासाठी ती ओळ. जोडाक्षरं फुटून हलन्त सुटे पडले असतील तर तिसरंच काहीतरी. या सगळ्यांवर आपल्याकडे एकच औषध दिलं जातं: काढून टाक, परत इन्स्टॉल कर. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. एकदा रात्री अकराला सुरू केलेलं इन्स्टॉलेशन सकाळी दूधवाला आला तेव्हा संपलं, आणि चौकोन जागच्या जागी होते.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. सोसायटीचा वार्षिक अहवाल गेली सहा वर्षं मी लाटेकमध्ये लावतो. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे अहवालाचं काम निघतं ऑगस्टअखेर. टेक लाइव्हची, म्हणजे लाटेक ज्या संचातून मशीनवर येतं त्याची, नवी आवृत्ती येते साधारण मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ३१ मार्चला आमचे हिशेब बंद होतात त्याच सुमारास जुनं टेक लाइव्हही गोठतं. मधले चार-पाच महिने कोणी ती फाइल उघडत नाही, आणि उघडली की गेल्या वर्षी गुमान चाललेली फाइल यंदा रुसलेली असते. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे नेरूळची माझी मावसबहीण. ती मराठीतून प्रबंध लिहितेय. तिचे फोन बारा महिने. या दोघांच्या जिवावर साठलेली ही टिपणं.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज्ञा आणि पॅकेजांची (लाटेकला जोडायच्या पुरवण्यांची) नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फोनवर सांगतो तशी. फाइलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, आज्ञेआधीच्या उलट्या तिरक्या रेघेसकट. आणि हो, लाटेकच्या पोटातल्या मूळ प्रणालीच्या रोमन नावातलं शेवटचं अक्षर एक्स नव्हे, ग्रीक ‘खाय’ आहे, म्हणून ‘टेक’. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली हे काढलं तेव्हापासून लोक ‘टेक्स’ म्हणताहेत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचलं, पण त्याचा उच्चार त्यांनी मोकळाच सोडला. लेटेक म्हणा, लाटेक म्हणा, चौकोन दोन्हीत सारखेच येतात.

मशीनवर टेक एकच आहे ना?

बहिणीच्या लॅपटॉपवर पॅकेज टाकलं की ‘इन्स्टॉल झालं’ असं यायचं आणि पुढच्या मिनिटाला तेच पॅकेज सापडत नाही म्हणून ‘फाइल नॉट फाउंड’. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला गेलो आणि लॉग फाइलची, म्हणजे लाटेक दर वेळी लिहून ठेवतं त्या नोंदीची, पहिली ओळ वाचली. तिच्यावर इंजिनाचं (फाइलची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रामचं) नाव, आवृत्ती आणि कंसात ते कुठल्या संचातलं हे लिहिलेलं असतं. कंसात होतं मिकटेक, म्हणजे दुसराच संच. मी तर टेक लाइव्ह टाकून दिलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणीने त्याआधी मिकटेक टाकलेलं होतं, कुणी कुणाला बोललं नव्हतं. पॅकेज जात होतं एका घरात आणि एडिटर राहत होता दुसऱ्या घरात.

त्यामुळे काहीही करण्याआधी लॉगची पहिली ओळ वाचा. दोन संच असतील तर एक काढा. कोणता, यावर वाद घालायला मला आवडतं, पण थोडक्यात सांगतो. विंडोजवर फक्त तुम्हीच वापरणार, इंटरनेट बरं आहे आणि डिस्कवर जागा कमी आहे, तर मिकटेक; ते लागेल तसं एकेक पॅकेज उतरवून घेतं. मराठीसाठी मात्र मी टेक लाइव्हच सांगतो, तेही पूर्ण. सात-आठ जीबी जागा जाते. इन्स्टॉलरमध्ये दस्तऐवज आणि सोर्स फाइली नको म्हटलं तर बरंच हलकं होतं. हजारो बारीक फाइली असल्याने विंडोजचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगत बसतो. त्याला तासभर लागतो तो त्यामुळे. अडकलं असं समजून खिडकी बंद करू नका. नेट मध्येच तुटलं तर इन्स्टॉलर पुन्हा चालवा, अर्धवट राहिलेलं पुढे न्यायचं का असं तो विचारतो. इन्स्टॉल झाल्यावर एडिटर एकदा बंद करून उघडा, नाहीतर त्याला नवा रस्ता माहीतच नसतो.

मिकटेकची एक खोड सांगून ठेवतो. एडिटरमधून चालवताना ते अचानक गोठतं. बहुतेक वेळा मागे कुठेतरी ‘हे पॅकेज टाकू का?’ असा प्रश्न विचारून ते उत्तराची वाट बघत असतं. मिकटेक कन्सोलमध्ये जाऊन ‘नेहमी टाक’ असं करून ठेवा. तिथेच अपडेट करताना ॲडमिन म्हणून आणि साध्या वापरकर्त्याच्या नावाने, दोन्हीकडून अपडेट करा. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली की ज्या चुका येतात त्यांचा अर्थ लावत बसू नये.

टेक लाइव्हवाल्यांचा सप्टेंबरचा हमखास निरोप: लोकल आवृत्ती रिमोटपेक्षा जुनी आहे. म्हणजे तुमच्याकडे गेल्या वर्षीचं आहे आणि सर्व्हरवर यंदाचं आलंय. टीएलएमजीआर, म्हणजे टेक लाइव्हची पॅकेजं उतरवणारा प्रोग्राम, अशा वेळी एक पॅकेजही उतरवू देत नाही. दोन वाटा आहेत. एक, यंदाचं नवं टेक लाइव्ह पूर्ण टाकायचं. फोल्डरला सालाचं नाव असतं, त्यामुळे जुनं बाजूला तसंच राहतं. दुसरी, रिपॉझिटरीचा (पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरचा) पत्ता बदलून त्या सालाच्या गोठवलेल्या अंतिम संग्रहाचा द्यायचा, म्हणजे जुन्यालाच हवी ती पॅकेजं मिळतात. सभेला दहा दिवस असतील तर दुसरी वाट धरा. नवं टेक लाइव्ह दिवाळीच्या सुट्टीत टाका.

उबंटूवाल्यांनी टीएलएमजीआरच्या वाटेला जाऊच नये. तिथलं टेक लाइव्ह उबंटूच्या पॅकेजांतून येतं आणि टीएलएमजीआर ‘डेटाबेस सापडत नाही’ म्हणून रडतो. टेक्सलाइव्ह-फुल टाका. तेवढी जागा नसेल तर टेक्सलाइव्ह-झीटेक आणि टेक्सलाइव्ह-लँग-अदर विसरू नका. दुसऱ्याचं कारण खाली ओळी तोडण्याच्या भागात येईल.

फोल्डरच्या नावांबद्दल एकच. बहिणीची फाइल ‘प्रबंध (अंतिम) (खरंच अंतिम)’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. देवनागरी, मोकळ्या जागा, कंस, सगळं एकत्र. लाटेक कसंबसं चाललं, सूची करणारा प्रोग्राम अडखळला. नाव रोमन अक्षरांत, सलग, लहान ठेवा. विंडोजच्या खात्याचं नावच देवनागरीत असेल तर फाइली सरळ सी ड्राइव्हवर छोट्या फोल्डरमध्ये करा.

इंजिन

हा भाग झटपट उरकतो, कारण ही चूक ओरडून सांगते. ‘युनिकोड कॅरेक्टर म नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक’ असं आलं की तुम्ही पीडीएफलाटेक चालवताय. मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक. टेकस्टुडिओ, टेकवर्क्स, ओव्हरलीफ, सगळ्या एडिटरांत हा पर्याय असतो, पण तो पर्याय एडिटरच्या सेटिंगमध्ये राहतो, फाइलबरोबर जात नाही. म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी ‘टेक प्रोग्राम’ची टीप टाकून ठेवा. टेकवर्क्स आणि टेकस्टुडिओ ती पाळतात. सेक्रेटरीकाकांच्या मशीनवर अहवाल न उघडण्याचं कारण दोन वर्षं हेच होतं.

जुन्या मार्गदर्शक पानांवरून चिकटवलेल्या इनपुटेन्क आणि फॉन्टेन्कच्या ओळी झीलाटेकमध्ये काढून टाका. आणि रोमनमध्ये टाइप करून मग देवनागरीत रूपांतर करणारी वेल्थुइसची पद्धत कुठे वाचनात आली तर समजा, ते पान विसाव्या शतकातलं आहे. त्या काळी तीच एक वाट होती. आज तिने जाऊन वेळ घालवू नका.

चौकोन, आणि त्याहून वाईट म्हणजे कोरं

चौकोन म्हणजे ज्या फॉन्टमध्ये अक्षर छापायला सांगितलं त्यात ते अक्षर नाही. काही फॉन्ट अशा वेळी चौकोन दाखवतात, काही नुसती जागा सोडतात. चौकोन बरा, तो दिसतो तरी. कोरी जागा पन्नास पानी अहवालात कोणाच्या नजरेला पडत नाही. पीडीएफ तयार होते, एडिटर हिरवी खूण दाखवतो, आणि लॉगमध्ये मुकाट्याने ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी ओळ पडलेली असते. लाटेकचं एक विचित्र आहे: एक कंस राहिला तर आकाशपाताळ एक करतं, अख्खा परिच्छेद गायब झाला तर लॉगच्या पोटात एक ओळ लिहून गप्प बसतं.

ते गप्प बसू नये म्हणून फाइलच्या सुरुवातीला ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या आज्ञेची किंमत ३ करा. टेक लाइव्ह २०२१ पासून यामुळे हरवलेलं अक्षर ही रीतसर चूक ठरते आणि काम तिथेच थांबतं. एवढी एक ओळ टाकल्यापासून माझे निम्मे फोन कमी झाले.

फॉन्ट आहे, पण लाटेकला सापडत नाही, हा याचाच मावसभाऊ. फॉन्टस्पेकला, म्हणजे फॉन्ट निवडणाऱ्या पॅकेजला, नाव द्यायचं दोन प्रकारे: फॉन्टचं नाव किंवा फाइलचं नाव. लिनक्सवर टेक लाइव्हसोबत आलेले फॉन्ट झीलाटेकला नावाने सापडत नाहीत, कारण सिस्टिमच्या फॉन्टयादीत ते नसतात. फाइलचं नाव, एक्स्टेन्शनसकट, दिलं की सापडतात. विंडोजवर फॉन्ट डबल क्लिक करून टाकला तर तो कधी कधी फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. राइट क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ टाका. मी आता हा खेळच खेळत नाही. फॉन्टची फाइल अहवालाच्या फोल्डरमध्येच ठेवतो आणि फाइलच्या नावाने बोलावतो. मशीन बदललं, साल बदललं, सेक्रेटरी बदलले, तरी फॉन्ट तोच राहतो. लुआलाटेक पहिल्यांदा चालवताना काही मिनिटं काहीच हलत नाही. ते फॉन्टांची यादी करत असतं. चहा करून या.

भाषेसाठी पॉलीग्लॉसिया हे पॅकेज वापरत असाल तर आणखी एक निरोप येतो: मुख्य फॉन्टमध्ये देवनागरी लिपी नाही, मराठीफॉन्ट ठरवून द्या. त्यात दिलंय तेच करायचं, न्यूफॉन्टफॅमिली आज्ञेने मराठीफॉन्ट नावाचं कुटुंब ठरवायचं. बेबेल आणि पॉलीग्लॉसिया मात्र एकाच फाइलमध्ये नकोत. दोघंही भाषेची व्यवस्था बघतात, एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी.

फॉन्ट कोणता? शोभिका आयआयटी मुंबईतून आलेला, टेक लाइव्हमध्ये आयताच मिळतो, पुस्तकी मजकुराला चांगला दिसतो आणि त्यात ठळक वळणही आहे. ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या गटाचा मुक्ता अहवालासारख्या कामाला स्वच्छ. टिरो देवनागरी मराठी मला सगळ्यांत देखणा वाटतो, पण त्यात ठळक वळण नाही, त्यामुळे मथळ्यांना दुसरा फॉन्ट घ्यावा लागतो. नाही घेतला तर लॉगमध्ये ‘फॉन्ट शेप अनडिफाइन्ड’ अशी सूचना येते आणि सगळे मथळे साधेच छापले जातात. फेकबोल्डने कृत्रिम जाडी देता येते. शिरोरेघ सुजल्यासारखी दिसते. मी देत नाही.

जोडाक्षरं फुटली तर

क्षचे ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे दिसताहेत, ‘कि’ची वेलांटी कच्या नंतर पडतेय. अक्षरं सगळी आहेत, जुळत नाहीत. फॉन्टस्पेकला फॉन्टसोबत कंसात ‘स्क्रिप्ट’ म्हणून देवनागरी सांगितलेलं नसतं. लुआलाटेक असेल तर तिथेच ‘रेंडरर’ म्हणून हार्फबझही (अक्षरं जुळवणारा प्रोग्राम) सांगा. झीलाटेक आतून हार्फबझच वापरतं, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. २०२० पासून टेक लाइव्हचं लुआलाटेक हार्फबझ पोटात घेऊनच येतं, पण मागितल्याशिवाय वाढत नाही.

त्याच कंसात ‘लँग्वेज’ म्हणून मराठी लिहायचं. हे बहुतेक लोक गाळतात, कारण न लिहिताही सगळं वाचता येतं. पण ल आणि श नीट बघा. बऱ्याच फॉन्टांत मूळ वळण हिंदीचं असतं आणि मराठीचं वळण आत वेगळं ठेवलेलं असतं. भाषा सांगितली तरच ते बाहेर येतं. राज्य शासनाने २०२२ मध्ये वर्णमालेच्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल पुन्हा आणले, तेव्हा सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आमच्या अहवालाची प्रत घेऊन मला जिन्यात गाठलं. “हा ल कुठला रे? आपला नाही हा.” खरंच नव्हता. एक शब्द राहिला होता. तुमच्या फॉन्टमध्ये मराठीची सोयच नसेल तर फॉन्टस्पेक लॉगमध्ये तसं लिहितं आणि डिफॉल्ट वळण वापरतं. तसं लिहिलेलं दिसलं तर फॉन्ट बदला.

आचारी आणि आचार्य

आता जी चूक कोणतंही सॉफ्टवेअर दाखवत नाही तिच्याबद्दल.

तीन वर्षांपूर्वी अहवालाच्या दीडशे प्रती वागळे इस्टेटमधल्या छापखान्यातून आल्या. मी तीनदा वाचून दिल्या होत्या. सभेत खर्चाचं पान निघालं आणि ‘सी’ विंगमधले एक काका उभे राहिले. “गणेशोत्सवात आचार्यांना मानधन अकरा हजार. हे आचार्य कोण आले होते? आम्हाला प्रवचनाला का बोलावलं नाही?” हशा झाला. महाप्रसादाचे आचारी होते बिचारे. मग सगळ्यांनी पानं चाळायला सुरुवात केली. ‘दुसर्या मजल्यावरील पायर्या’, ‘महापालिका अधिकार्यांची भेट’, ‘कर्मचार्यांचा बोनस’. एकही ‘ऱ्या’ जागेवर नव्हता.

छापखान्याचा दोष नव्हता, लाटेकचाही नव्हता. मीच केलं होतं. ‘ऱ्या’ टाइप करायचे दोन प्रकार आहेत. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडाक्षर-खूण आणि य. दोन्ही दिसायला सारखे. त्या वर्षी कुठल्याशा वेबसाइटवरून घेतलेल्या मजकुरात अदृश्य खुणांचा कचरा आला होता, म्हणून मी सगळ्या अदृश्य खुणा पुसणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, आणि कचऱ्याबरोबर ती जोडखूणही गेली. उरलं र, हलन्त, य. त्याचा रफार होतो, आणि तो व्याकरणाने अगदी शुद्ध ‘र्य’ असतो. लॉग स्वच्छ. चौकोन नाही, वर्तुळ नाही.

उलटं फिरवताना सरसकट बदल करून चालत नाही. सगळे ‘र्य’ बदलले तर कार्यकारिणीची ‘काऱ्यकारिणी’ होते आणि सूर्याचाही निकाल लागतो. मी कानाने ठरवतो: मूळ शब्द रा, री, रे असा संपतो आणि विभक्ती किंवा अनेकवचनाने त्याचा य झालाय, तर ऱ्य. दुसरा, दुसऱ्या. अधिकारी, अधिकाऱ्यांनी. पायरी, पायऱ्या. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर र्य: आचार्य, पर्याय, मर्यादा. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. मी अहवालात येणाऱ्या अशा साठेक शब्दांची यादी केली आहे आणि फक्त तेवढेच बदलतो. यापुढे टाइप करतानाच पहिला प्रकार वापरा. युनिकोडचीही शिफारस तीच आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून र दाबला की नुक्त्याचा ऱ मिळतो, मग हलन्त, मग य. यात अदृश्य काहीच नसल्याने पुसलं जायला काही उरत नाही.

‘ॲ’चं दुखणं याच जातीचं. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत. दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये असले की ‘ॲडव्हान्स’ शोधल्यावर अर्धेच सापडतात, सूचीत दोन ठिकाणी पडतात, आणि जुन्या फॉन्टमध्ये नवं अक्षर चौकोन होतं. एकच प्रकार ठरवा आणि सगळी फाइल एकदा बदलून घ्या. इथे सरसकट बदल चालतो.

छापायला देण्याआधी मी आता पहिल्या पानावर एक ओळ टाकतो आणि पीडीएफमध्ये मोठी करून बघतो: ‘आचाऱ्यांनी आचार्यांना ॲल्युमिनियमच्या पातेल्यातल्या शिळ्या पुऱ्या वाढल्या, ऱ्हस्वदीर्घावरून विद्वानांचा क्षुल्लक वाद झाला.’ ती नीट दिसली की पुसतो. एका वर्षी पुसायची राहिली. तिच्यावरही सभेत प्रश्न आला.

टिंबांचं वर्तुळ

हे आलं की समजा, एखादी मात्रा निराधार झाली आहे. अक्षराशिवाय वेलांटी, एका अक्षराला दोन काने, मोकळ्या जागेनंतर अनुस्वार. स्कॅन केलेल्या पुस्तकातून किंवा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की हे हमखास. ती ओळ पुसून हाताने टाइप करा. मात्रा दुरुस्त करायला जाऊ नका, कर्सर नेमका कुठे आहे ते कळत नाही.

आणि मजकूर ‘वर्तुळ’ही न येता नुसता इंग्रजी गिचमिड दिसत असेल, तर तो युनिकोड नाहीच. जुनी इतिवृत्तं श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या सुरेखसारख्या फॉन्टांत असतात. तिथे म दिसायला म असतो, आतून एखादं इंग्रजी चिन्ह. त्या फॉन्टचं नाव लाटेकला देऊन भागत नाही. रूपांतर करून घ्या, आणि रूपांतरानंतर रफार, ऱ्या आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. रूपांतर करणारे प्रोग्राम नेमके तिथेच घसरतात.

ओळी समासाबाहेर जातात

‘गृहनिर्माण’, ‘महानगरपालिकेकडून’, ‘पुनर्विकासासंदर्भात’. असे शब्द ओळीच्या शेवटी आले आणि तोडता आले नाहीत की समासाबाहेर लोंबतात. लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ची रांग लागते. मराठीसाठी शब्द कुठे तोडायचे याचे नियम टेककडे आहेत, पण ते हायफन-इंडिक या पॅकेजमध्ये, इतर भाषांच्या संचात बसतात. अर्धवट इन्स्टॉल केलेल्या मशीनवर तो संच नसतो. वर टेक्सलाइव्ह-लँग-अदर म्हटलं ते यासाठी. लॉगमध्ये मराठीचे हायफनेशन नियम लोड नाहीत असं दिसलं तर हाच इलाज. तरीही एखादी ओळ हट्टाने बाहेर राहिली तर वाक्य बदला. अहवाल आपणच लिहिलेला असतो, तेवढी मोकळीक असते. बहिणीला अवतरणांमध्ये ती नव्हती, तिथे इमर्जन्सीस्ट्रेच, म्हणजे शब्दांमधली जागा ताणायची सूट, थोडी वाढवून भागवलं.

उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडत असतील तर लाइनस्प्रेड (ओळींमधलं अंतर) १.२ च्या आसपास. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं. पानांचे आकडे देवनागरीत हवे असतील तर पॉलीग्लॉसियात न्यूमरल्स हा पर्याय आहे. हिशेबाच्या तक्त्यात लाख-कोटीचे स्वल्पविराम एसआययुनिटेक्स या पॅकेजच्या नव्या आवृत्त्या देतात, पहिला गट तीनचा, पुढचे दोनचे असं सांगितलं की. पण ते आकडे इंग्रजी लागतात, देवनागरी आकडे त्याला आपोआप समजत नाहीत. खजिनदारांची हरकत नसल्याने आमचे तक्ते इंग्रजी आकड्यांत आहेत.

भाषा किंवा पॅकेज बदलल्यावर अचानक न समजणाऱ्या चुका आल्या, विशेषतः ‘फाइल एंडेड व्हाइल स्कॅनिंग’ अशी, तर ऑक्स आणि टीओसी या मदतनीस फाइली पुसा आणि दोनदा चालवा. जुन्या धावण्याचं उष्टं त्यांत उरलेलं असतं.

पीडीएफमध्ये शोध लागत नाही

हा बहिणीचा शेवटचा फोन. प्रबंध मार्गदर्शकांकडे गेला होता, दिसायला निर्दोष. पण पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला की सापडत नव्हता, कॉपी केला की वेलांट्या इकडेतिकडे. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या साठवलेल्या असतात, त्या क्रमाने अक्षरं परत जुळवताना वाचणारा प्रोग्राम चुकतो. झीलाटेकमध्ये झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट या आज्ञेची किंमत १ केली की प्रत्येक शब्दामागे त्याचा मूळ मजकूरही ठेवला जातो. फाइल थोडी फुगते. ॲक्रोबॅटमध्ये शोध लगेच लागायला लागला, मोबाइलवरच्या एका व्ह्यूअरमध्ये तरीही नाही. तिथे दुसरा व्ह्यूअर वापरा.

शोध चालू झाल्यावर मार्गदर्शकांनी पहिला शब्द शोधला तो ‘तथापि’. १८४ वेळा सापडला.

“दादा, यावर काही पॅकेज आहे का रे?”

नाही.